कंटेनर कुठे आहे, आणि कोणाच्या ताब्यात आहे

जानेवारी उजाडला की नाशिक जिल्ह्यातल्या पॅकहाऊसांमधले फोन एकाच प्रश्नासाठी वाजू लागतात : गाडी कुठे पोहोचली? बागायतदार विचारतो, आमचे मालक विचारतात, न्हावा शेवा बंदरावरचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, विचारतो आणि जहाज सुटल्यावर रॉटरडॅमचा खरेदीदार विचारतो. मी द्राक्षनिर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये डिस्पॅच बघते. मी कामाला लागले तेव्हा या प्रश्नाचं उत्तर फक्त ड्रायव्हरच्या मोबाइलवर मिळायचं. घाटात त्याला रेंज नसली तर तेही नाही. आज एका कंटेनरमागे पाच यंत्रं असतात : ट्रेलरला जीपीएस, काचेवर फास्टॅग, कंटेनरला आरएफआयडी टॅग, दाराला ई-सील आणि आत पेटीत तापमानाचा डेटा लॉगर.

द्राक्ष वेलीवरून उतरल्यापासून परदेशातल्या शीतगृहात जाईपर्यंत माल सात-आठ जणांच्या ताब्यातून जातो. पॅकहाऊस, ट्रान्सपोर्ट, पार्किंग यार्ड, बंदर, जहाज, तिकडचं बंदर, तिकडची गाडी. यातल्या एकाकडून हलगर्जी झाली की काही आठवड्यांनी मेल येतो : माल गरम झालाय, मणी गळतायत, देठ तपकिरी पडलेत. मग कपात एकेक हात मागे ढकलत बागायतदाराच्या हिशोबावर येऊन थांबते, कारण त्याच्याकडे आपली बाजू सांगायला एकही कागद नसतो. या यंत्रांकडे मी त्या कागदासाठी बघते. इतक्या हंगामांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी वेळ बघा, मग ठिपका

नकाशावर हलणारा ठिपका बघून माणूस निर्धास्त होतो आणि थांबलेला ठिपका बघून घाबरतो. दोन्ही वेळा आधी बघायची असते ती ठिपक्याशेजारची वेळ.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. जागा नेमकी काढायला किमान चार उपग्रहांचा संदेश लागतो आणि लोखंडी पत्र्याच्या आड तो पोहोचत नाही. म्हणून कंटेनरच्या पोटात टाकलेला जीपीएस काही सांगत नाही. त्याला वर आकाश दिसावं लागतं. दुसरी गोष्ट अशी, की जीपीएस फक्त ऐकतो. ऐकलेली जागा आपल्यापर्यंत पोहोचवतं ते आतलं सिमकार्ड, म्हणजे साधं मोबाइलचं नेटवर्क. आकाश दिसतंय पण नेटवर्क नाही, किंवा नेटवर्क आहे पण आकाश नाही, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

आमच्या रस्त्यावर दोन्ही भेटतात. जुन्या मार्गाला कसारा घाट आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्यात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. बोगद्यात गाडी शिरली की आकाश गेलं. घाटात नेटवर्क गेलं, तर चांगलं यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि नेटवर्क मिळाल्यावर एकदम पाठवतं. त्यामुळे प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात : जागा मोजली ती वेळ आणि सर्व्हरला मिळाली ती वेळ. यंत्र विकत घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की अहवालात या दोन्ही वेळा वेगळ्या दिसतात का. एकच दिसत असेल तर उद्या वाद झाल्यावर तो अहवाल टिकणार नाही.

२. गाडी वेगळी, कंटेनर वेगळा

फास्टॅगला बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो क्षणभर जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे प्रत्येक गाडीची टोलगणिक नोंद मिळते. ती नोंद फार मोलाची आहे, कारण ती आपल्या यंत्रावर किंवा ट्रान्सपोर्टवाल्याच्या सांगण्यावर अवलंबून नसते. जीपीएसची वेळ आणि टोलची वेळ जुळली की मी निश्चिंत होते.

पण फास्टॅग ओळखतो गाडी, आणि जीपीएसही बहुतेक वेळा ट्रेलरच्या केबिनमध्येच असतो. कंटेनर ट्रेलरवरून उतरवून यार्डात ठेवला आणि गाडी दुसऱ्या भाड्याला गेली, तर पडद्यावरचा ठिपका आपल्या मालाचा राहत नाही. कंटेनरची स्वतंत्र नोंद ठेवण्यासाठी लॉजिस्टिक्स डेटा बँक नावाची व्यवस्था आहे. ती २०१६ मध्ये जेएनपीटीपासून, म्हणजे न्हावा शेव्यापासून, सुरू झाली. कंटेनरवर आरएफआयडी टॅग लागतो आणि बंदराचं गेट, सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन), काही टोलनाके इथल्या रीडरवर त्याची हजेरी लागते. कंटेनर नंबर टाकला की ती आपल्याला बघता येते. बरेच लहान निर्यातदार ही सोय वापरतच नाहीत. वापरावी.

३. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा

चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीत छापलेला एक सातवा आकडा, असा कंटेनरचा नंबर असतो. चौकटीतला आकडा आधीच्या दहा खुणांवरून एका ठरलेल्या हिशोबाने निघतो. वाचताना किंवा टाइप करताना एखादा आकडा चुकला, तर हा हिशोब सहसा जुळत नाही आणि चूक पकडली जाते. आमच्याकडे नंबर आधी फाटकावर हाताने लिहितात, मग फोटोवरून दुसरी व्यक्ती वाचते आणि शेवटी पडताळणीच्या अॅपमध्ये टाकतात. सगळ्याला मिनिटभर लागतं. शिपिंग बिल, ई-सील, वजनाचा दाखला या सगळ्यांवर एकच नंबर जायचा असल्यामुळे ते मिनिट वाचवू नये.

४. सील दाराचं असतं, डब्याचं नसतं

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा विस्ताराने.

पूर्वी निर्यातीचा कंटेनर कारखान्यात भरताना बऱ्याच वेळा सरकारी अधिकारी हजर राहून सील करायचा. २०१७ मध्ये कस्टम्सने निर्यातदारांना स्वतः सील करण्याची पद्धत लागू केली आणि त्यासाठी आरएफआयडीचं ई-सील ठरवलं. हे सील दिसायला जाड बोल्टसारखं असतं आणि एकदाच वापरता येतं. ते लावलं की निर्यातदाराचा कोड, शिपिंग बिल नंबर, कंटेनर नंबर, गाडी नंबर, सील करण्याची तारीख आणि वेळ ही माहिती त्या सीलच्या क्रमांकाशी जोडून ऑनलाइन भरायची असते. बंदरावर रीडर ते वाचतो. बोल्ट कापलेला असेल तर छेडछाड झाल्याचं कळतं.

सील लावताना आमच्याकडे चार गोष्टी होतात, आणि त्या बोलून करतात. सील डोळ्यांनी बघणं, क्रमांक कागदाशी मोठ्याने वाचून जुळवणं, बोल्ट ओढून बघणं, पिळून बघणं. लोडिंग सुपरवायझर आणि ड्रायव्हर दोघेही समोर उभे असतात. ड्रायव्हरने सील स्वतः बघितलेलं असणं फार गरजेचं आहे. पुढे कोणी बोट दाखवलं तर ‘मी घेतलं तेव्हा असं होतं’ हे तो छातीठोकपणे सांगू शकतो.

तरीही ई-सील एवढंच सांगतं, की बोल्ट अखंड आहे. दार उघडलं नाही याची खात्री त्यातून मिळत नाही. कडीचे रिव्हेट काढून, सीलला हात न लावता दार उघडण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. म्हणून कंटेनर भरण्याआधी सात जागा तपासायची पद्धत आहे : खालचा सांगाडा, दारं आतून-बाहेरून, डावी भिंत, उजवी भिंत, पुढची भिंत, छत आणि तळ. रीफर कंटेनर असेल तर थंडाव्याच्या मशीनचा कप्पाही बघायचा.

एका हंगामात आमच्या फाटकावर आलेल्या रिकाम्या कंटेनरच्या कडीवरचे दोन रिव्हेट बाकीच्यांपेक्षा चकचकीत होते आणि त्यांच्याभोवतीचा रंग ताजा होता. आमच्या फाटकावरच्या मावशींनी ते बघितलं. त्यांना सात जागांची यादी पाठ आहे आणि त्या हाताने चाचपून बघतात. ज्या यार्डातून कंटेनर आला होता त्यांचं म्हणणं, की ही साधी दुरुस्ती आहे. असेलही. पण दुरुस्तीचा कागद त्यांच्याकडे नव्हता. मी कंटेनर परत पाठवला. दुसरा येईपर्यंत रात्र झाली आणि लोडिंगची माणसं थांबून राहिली. कोणी कुरकुरलं नाही, कारण का थांबलोय ते सगळ्यांना सांगितलं होतं. कोणतंही इलेक्ट्रॉनिक सील त्या मावशींचं काम करू शकलं नसतं; कंटेनर भरून सील लागलं असतं तर रीडरने शेवटपर्यंत हिरवाच दिवा दाखवला असता.

याहून पक्की व्यवस्था हवी असेल तर जीपीएस आणि सिम असलेलं ई-लॉक असतं. ते उघडलं की त्याच क्षणी, त्या जागेसह निरोप येतो. कोलकाता-हल्दियाच्या बंदरांतून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरांना अशी इलेक्ट्रॉनिक कुलपं लावतात. ते लॉक परत येतं आणि पुन्हा वापरता येतं, पण परत आणायची व्यवस्था लागते. द्राक्षासाठी ते महाग पडतं. औषधं, मोबाइल फोन यांसाठी परवडतं.

५. द्राक्षाला जागेपेक्षा तापमान मोठं

आमचा माल बरोबर रस्त्याने, बरोबर वेळेत गेला आणि तरीही मेला, असं होऊ शकतं. द्राक्ष सकाळच्या थंडाव्यात तोडून लगेच प्रीकूलिंगला घालतात आणि प्रवासात शून्य अंशाच्या आसपास, शून्य ते उणे अर्धा अंशात ठेवतात. ट्रेलरवर असताना रीफरला वीज मिळते ती जेनसेटची. जेनसेट बंद पडला, किंवा डिझेल वाचवण्यासाठी बंद केला, की जीपीएसवर सगळं आलबेल दिसतं आणि आत गरमी चढत जाते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचा प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. सुरुवातीच्या काही तासांत बसलेला उष्णतेचा फटका इतक्या लांबच्या प्रवासात लपत नाही.

म्हणून पेटीत ठेवलेला डेटा लॉगर माझ्या दृष्टीने पाचांतला सगळ्यात मोलाचा. एक लॉगर दाराजवळच्या पॅलेटमध्ये आणि एक मशीनच्या बाजूला, असे निदान दोन हवेत. दाराजवळ गरमी आधी पोहोचते. लॉगरचा क्रमांक, तो कोणत्या पॅलेटमध्ये, कितव्या थरात ठेवला आणि किती वाजता सुरू केला हे पॅकिंग लिस्टवर लिहायचं. सुरू केल्याचा फोटोही काढायचा.

आणि घड्याळ. बरेच लॉगर आंतरराष्ट्रीय वेळेवर चालतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. एका कंटेनरच्या अहवालात तापमान संध्याकाळी साडेसहाला चढू लागलेलं दिसत होतं. खरेदीदाराचं पत्र आलं, की त्या वेळी कंटेनर तुमच्याच दारात लोड होत होता, म्हणजे माल तुम्हीच गरम भरलात. कपातीची रक्कमही पत्रात होती. पण साडेसहा ही आंतरराष्ट्रीय वेळ होती. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा. रात्री बाराला ट्रेलर बंदराबाहेरच्या पार्किंगमध्ये रांगेत उभा होता. जीपीएस तसं सांगत होता, शेवटच्या टोलची नोंद त्याला दुजोरा देत होती आणि कंटेनरच्या मशीनच्या स्वतःच्या नोंदीत त्याच वेळी वीज गेलेली दिसत होती. तीन वेगळ्या मालकांच्या तीन नोंदी एकमेकींशी जुळल्या. मग क्लेम ट्रान्सपोर्टच्या विम्याकडे गेला आणि बागायतदारांना ठरलेला दर मिळाला. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर ‘वेळ : भारतीय’ किंवा ‘वेळ : आंतरराष्ट्रीय’ असं ठळक छापलेलं असतं.

६. पेटीपासून बागेपर्यंत मागे जाता आलं पाहिजे

प्रत्येक पेटीला आरएफआयडी टॅग लावा, असं सांगणारे विक्रेते दरवर्षी येतात. कपड्यांच्या धंद्यात ते उत्तम चालतं. द्राक्षात पाणी भरपूर आणि या लहरी पाणी शोषून घेतं. पॅलेटच्या मधल्या पेट्या रीडरला नीट दिसत नाहीत. आम्हाला छापलेला बारकोड पुरतो. अपेडाच्या ग्रेपनेट व्यवस्थेत निर्यातीच्या बागेची नोंदणी होते आणि पेटीवरच्या लेबलावरून माल कोणत्या प्लॉटमधला आहे इथपर्यंत मागे जाता येतं. जमेची बाजू मोठी आहे ही आपली. मात्र प्लॉटची नोंद आणि लॉगरची नोंद वेगवेगळ्या फायलींत पडून राहतात. पॅलेट नंबरने त्या एकत्र बांधल्या, तर कोणत्या बागायतदाराचा माल कोणत्या पॅलेटवर होता आणि त्या पॅलेटने किती उष्णता सोसली हे एका कागदावर येतं. आम्ही साध्या एक्सेलच्या तक्त्यावर हे करतो. मोठ्या सॉफ्टवेअरची वाट बघायची गरज नाही.

७. तुम्हाला दिसतं ते चोरालाही दिसू शकतं

सुरक्षेसाठी बसवलेलं यंत्र नीट राखलं नाही तर तेच धोक्याचं होतं. २०१९ मध्ये अव्हास्ट या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की बाजारातल्या स्वस्त जीपीएस ट्रॅकरांपैकी सुमारे सहा लाख यंत्रं कारखान्यातून आलेल्या ‘१२३४५६’ या पासवर्डवरच चालू होती. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने एका लोकप्रिय वाहन-ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात असा पासवर्ड कोरलेला होता की बाहेरच्या माणसाला गाडीची जागा बघता आली असती, इंधनपुरवठाही तोडता आला असता. घाटात चालू गाडीचं इंधन तुटलं तर काय होईल, याचा विचार करा. दुरून इंजिन बंद करायची सोय मी आमच्या करारातल्या गाड्यांवर घेतच नाही.

पासवर्ड पहिल्या दिवशी बदलायचा, हे सगळे जाणतात आणि फार थोडे करतात. त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते व्हॉट्सअॅपवर. सील लावलं की कंटेनर नंबर, सील नंबर, गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल आणि लाइव्ह लोकेशनची लिंक, सगळं एकाच फोटोत आणि एकाच ग्रुपवर. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे कोणालाच धड ठाऊक नसतं. दोन हंगामांपूर्वी सोडून गेलेला माणूसही असतो. आमच्याकडे आता तीन नियम आहेत. लोकेशनची लिंक ज्याला लागते त्यालाच जाते आणि माल बंदरात शिरला की बंद होते. सील नंबर फक्त सीएचए आणि खरेदीदाराला, ई-मेलवर. प्रत्येक माणसाचं लॉगिन वेगळं, आणि हंगाम संपला की सगळी तपासायची.

हे जरा अति वाटत असेल तर युरोपकडे बघा. २०२३ मध्ये युरोपोलने तिथल्या मोठ्या बंदरांबद्दल अहवाल काढला. कंटेनर सोडवण्याचे पिनकोड भ्रष्ट माणसांकडून मिळवायचे आणि अमली पदार्थ लपवलेला कंटेनर खऱ्या मालकाच्या आधी उचलून न्यायचा, ही टोळ्यांची पद्धत त्यात सविस्तर सांगितली आहे. फळांचे कंटेनर अशा तस्करीसाठी फार वापरले जातात, कारण नाशवंत म्हणून ते लवकर सोडले जातात. रॉटरडॅमने पिनकोडऐवजी, कंटेनर उचलण्याचा अधिकार एका नोंदणीकृत कंपनीकडून दुसऱ्या नोंदणीकृत कंपनीकडे डिजिटल पद्धतीने सोपवण्याची व्यवस्था आणायला घेतली. पिंपळगाव किंवा दिंडोरीतून गेलेला प्रामाणिक द्राक्षाचा डबाही त्याच बंदरात, त्याच रांगेत उभा असतो.

८. ठिपका गप्प झाला तर काय करायचं ते आधी ठरवा

सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारे जॅमर मिळतात. परवानगीशिवाय ते वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, पण मिळतात. जिथे रोज नेटवर्क असतं अशा जागी जीपीएस आणि सिम दोन्ही एकदम गप्प झाले, तर ते बोगद्यासारखं नसतं. आमच्याकडे भिंतीवर कागद लावला आहे : इतकी मिनिटं निरोप नाही तर ड्रायव्हरला फोन, मग ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला, मग रस्त्यावरच्या आपल्या दुसऱ्या गाडीला, मग पोलिसांना ११२ वर. फोन कोण करणार त्याचं नाव रोज बदलून लिहिलेलं असतं. ‘कोणीतरी बघेल’ याला त्या कागदावर जागा नाही.

आणि सूचना कमी ठेवा. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक ढाब्याला, प्रत्येक वळणाला मोबाइल वाजू लागला की आठवड्याभरात माणूस आवाज बंद करतो.

९. ड्रायव्हरला विश्वासात घेतल्याशिवाय यातलं काहीही चालत नाही

जीपीएसची वायर निघाली, यंत्र ‘आपोआप’ बंद पडलं, बॅटरी सुटली, अशा तक्रारी ट्रान्सपोर्टच्या प्रत्येक ऑफिसात असतात. त्यामागे चोरी फार क्वचित असते. बहुतेक वेळा असतो तो कंटाळा आणि राग. सिन्नरकडचा एक अनुभवी ड्रायव्हर मला म्हणाला होता, “ताई, गाडी उभी आहे हे सगळ्यांना दिसतं. मी का उभा आहे ते कोणी विचारत नाही. नुसतं ‘निघ’ म्हणतात.” तो बंदराबाहेरच्या रांगेत रात्रभर होता. तिथे धड संडासही नव्हता.

मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं तो सांगायचा. ज्या यंत्रातून आपण ड्रायव्हर किती वेळ थांबला हे मोजतो, त्याच यंत्रात तो किती वेळ सलग चालवतोय हेही दिसतं. ते बघणं आपलं काम आहे. आम्ही नकाशावर थांबायच्या जागा ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलून नक्की केल्या : जिथे उजेड आहे, पाणी आहे, गाडीवर नजर राहते. त्या जागी थांबला तर कोणीही फोन करत नाही. फोन कमी झाले तशी वायर निघायचीही थांबली. आता जेनसेटच्या आवाजात फरक पडला तरी ड्रायव्हर स्वतःहून फोन करतात, आणि ती माहिती कोणत्याही यंत्राच्या आधी मिळते.

मोबाइलच्या सिमवरून ठिकाण बघणारी सेवा घेतली तर ड्रायव्हरची संमती लागते, आणि ती खरी संमती हवी. काय दिसणार, कोणाला दिसणार आणि ट्रिप संपल्यावर केव्हा बंद होणार, हे त्याला त्याच्या भाषेत सांगायला हवं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाच आहे. पण कायदा नसता तरी घरी पोहोचलेल्या माणसाचा ठिपका बघत राहायचा आपल्याला काय अधिकार?

१०. हस्तांतराचा कागद यंत्राइतकाच जपा

बंदराच्या गेटवर मिळणारी पावती, पार्किंगची स्लिप, बिल्टीवरची वेळ आणि सही. कोणतंही यंत्र ‘कोणी घेतलं’ हे सांगत नाही. ते सही सांगते. सहीखाली नाव वाचता येईल असं लिहून घ्या आणि फोटो त्याच दिवशी फाईलला लावा. खरेदीदाराशी हिशोब मिटेपर्यंत यातलं काही पुसू नका.

शेवटी बागायतदारांशी थोडं बोलायचं आहे. माल निर्यातीला देताना तुम्ही दर विचारता, उचल किती मिळेल ते विचारता. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी मागून घ्या : तुमचा माल ज्या कंटेनरमध्ये गेला त्याचा नंबर, तुमच्या पॅलेटचे नंबर आणि प्रवास संपल्यावर लॉगरचा पूर्ण आलेख. कपात सांगितली गेली तर आधी तो आलेख समोर ठेवायला सांगा, वेळ कोणत्या घड्याळाची आहे ते विचारा, आणि त्या वेळी कंटेनर कोणाच्या ताब्यात होता ते विचारा. कोणी नाही म्हणालं तर पुढच्या हंगामाचा माल देताना ते लक्षात ठेवा. ही सगळी यंत्रं तुमच्या द्राक्षाच्या पैशातून बसली आहेत. त्यांच्या नोंदींवर पहिला हक्क तुमचा आहे.